पुढें कोण व्हावें?

मुलगा किंवा मुलगी शालान्त परीक्षेच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपली, कीं बहुतेक सुशिक्षित घरांतून एक प्रश्न ऐकूं येऊं लागतो: ‘आतां पुढें कोण व्हायचें?’ आई विचारते, वडील विचारतात, मामा-आत्या विचारतात, शेजारचे पेन्शनरहि विचारतात. आणि ज्याला विचारावयाचें तो मुलगा बहुधा गप्प बसतो. हा प्रश्न आपल्या इतका परिचयाचा झाला आहे, कीं तो अनादि कालापासून चालत आला असावा असें वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. मनुष्याच्या इतिहासांत हा प्रश्न अगदीं अलीकडचा आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्यास मुलाला पद्धतशीर साहाय्य करावें ही कल्पना तर त्याहूनहि अलीकडची. तिला अजून सव्वाशें वर्षेंहि झालेलीं नाहींत. ह्या कल्पनेचा जन्म कसा झाला, ती कशी वाढली, तिची वाट कोठें चुकली आणि तिच्यापासून आज आपण काय घ्यावें, हें थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

आपल्या जुन्या गांवगाड्यांत ‘पुढें कोण व्हावें’ असें कोणी कोणास विचारीत नसे. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा कुंभार, कुलकर्ण्याचा कुलकर्णी. जन्मानेंच उत्तर दिलेलें असे. ह्या व्यवस्थेचा अन्याय मोठा होता, आणि त्याचा भार समाजांतील खालच्या म्हणून गणलेल्या थरांना सर्वांत अधिक सोसावा लागला. ज्या मुलाची बुद्धि अक्षरांत रमली असती त्याच्या हातीं अक्षर कधीं आलेंच नाहीं, आणि ज्याचें मन यंत्रांत रमलें असतें त्याला पोथी घोकावी लागली. तिचें समर्थन करण्याचें मला कारण नाहीं. तथापि तिच्यांत एक गोष्ट अशी होती, कीं जी पुढें आपण हरवून बसलों. सुताराचा मुलगा रंधा हातांत धरण्याच्या आधीं पांच-सात वर्षें तो चालतांना पाहात असे. लांकूड कोणतें, तें कसें चिरावें, गिऱ्हाइकाशीं कसें बोलावें, पैसे कधीं मिळतात आणि कधीं बुडतात, हें सारें त्याच्या डोळ्यांदेखत घडत असे. त्याला निवड नव्हती. पण आपलें काम काय आहे हें त्याला पुरतेपणीं ठाऊक होतें.

इंग्रजी अमलांत शाळा आल्या, १८५७ सालीं मुंबईचें विश्वविद्यालय स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, झाली. सरकारी कचेरीचें दार उघडणारी ती किल्ली ठरली. जन्माचें बंधन कांहीं अंशीं सैल झालें. पण त्याच्या जागीं परीक्षेचें बंधन आलें. जो पास होईल तो नोकरी करील, आणि जो नापास होईल तो काय करील ह्याचा विचार कोणी केला नव्हता. १८८२ सालीं नेमलेल्या हंटर कमिशनच्या ध्यानांत ही उणीव आली. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात, एक विश्वविद्यालयाकडे नेणारी आणि दुसरी व्यापार व इतर व्यवहारोपयोगी धंद्यांकडे नेणारी, अशी शिफारस त्यानें केली. दुसरी शाखा फारशी फुलली नाहीं. आईबापांचा ओढा पहिलीकडेच राहिला. कारण दुसऱ्या शाखेच्या शेवटीं काय आहे हें कोणीं पाहिलेलें नव्हतें.

त्या काळांत आपला कल ओळखून त्याच्या मागें जाणाऱ्या मुलाची वाट किती बिकट असे, हें पाहावयाचें असेल तर मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत डोकावून पाहावें. १८८५ सालीं ह्या शाळेंत दोन मराठी मुलगे दाखल झाले. एक बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूरचा, वय सोळा; दुसरा त्र्यंबकेश्वरचा, वय पंधरा. पहिल्याचे वडील वेदान्ताचे व्यासंगी, दुसऱ्याचे संस्कृताचे शास्त्री. दोघांनाहि चित्रकलेचा नाद. पहिला तर वडिलांच्या इच्छेविरुद्ध, वडील बंधु रामूअण्णा ह्यांच्या पैशाच्या साहाय्यानें आला होता. आज त्यांचीं नांवें घरोघर ठाऊक आहेत: लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि धुंडिराज गोविंद फाळके.

लक्ष्मणरावांच्या वाटेंत लवकरच धोंड आली. त्यांच्या डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद नीटसा कळत नाहीं, असें आढळून आलें. ज्याला चित्रकार व्हावयाचें त्याला ह्याहून कठीण निकाल कोणता? परंतु त्यांच्या हाताची रेषा पक्की होती, आणि मन यंत्रांकडे ओढ घेत होतें. रंग सुटले, पण रेषा राहिली. ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि पुढें मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकवूं लागले. तेथून बेळगांवास सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमिनीला विष चढेल असें समजून शेतकरी तो नांगर घेण्यास कचरत असत, तरी लक्ष्मणराव मागें हटले नाहींत. १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली.

फाळके ह्यांची वाट ह्याहूनहि वळणावळणाची. कलाशाळेनंतर ते बडोद्यास गेले. तेथें सयाजीरावमहाराजांच्या आश्रयानें प्रा. त्रिभुवनदास गज्जर ह्यांनीं १८९० सालीं कलाभवन ही संस्था उभारिली होती. चित्रकला, छायालेखन, मूर्ति घडविणें, असें पुष्कळ फाळके ह्यांनीं तेथें हाताळलें. मग गोध्र्यास छायाचित्रांचें दुकान काढलें. नंतर जादूचे खेळ शिकले, पुराणवस्तुसंशोधन खात्यांत नोकरी धरली, ती सोडून छापखाना चालविला, आणि त्या धंद्यांतूनहि बाहेर पडले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं त्यांना धरसोड करणारा गृहस्थ असेंच म्हटलें असल्यास नवल नाहीं. १९११ सालीं मुंबईंत त्यांनीं येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चलच्चित्रपट पाहिला, तेव्हां त्यांनीं चाळिशी ओलांडली होती. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, आणि आजवर जें जें अर्धवट सोडलें असें वाटत होतें, तें तें सर्व, चित्र, छायालेखन, जादू, छपाई, ह्या एका कामांत उपयोगीं पडलें.

हे दोघे मुलगे होते. मुलीच्या बाबतींत प्रश्न विचारण्याचीच चाल नव्हती. तरी रखमाबाईंचें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. लहानपणीं झालेला विवाह नाकारून त्यांनीं न्यायालयांत दिलेला लढा प्रसिद्धच आहे. त्यानंतर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून त्या १८९४ सालीं डॉक्टर झाल्या आणि सुरतेस व राजकोटास त्यांनीं दीर्घकाल रुग्णसेवा केली. त्यांचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन. म्हणजे वैद्याचें काम कसें असतें हें ह्या मुलीला पुस्तकांतून शोधावें लागलें नाहीं. तें तिच्या घरांतच चाललेलें होतें.

ह्या तिन्ही चरित्रांत एक समान धागा दिसतो. मार्गदर्शन करणारी कचेरी त्या वेळीं अस्तित्वांत नव्हती. तिघांनाहि लाभलें तें एवढेंच: घरांतील एक समजूतदार माणूस, किंवा काम डोळ्यांनीं पाहण्याची व हातांनीं करून पाहण्याची एक जागा. अशा माणसांच्या व जागांच्या अभावीं जीं मुलें वाया गेलीं, त्यांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं नाहींत. त्यांची संख्या किती, हें आपण कल्पनेनेंच जाणावें. जें लाखांत एकाला दैवयोगानें मिळालें तें सर्वांना मिळावें, असा विचार प्रथम व्यवस्थितपणें मांडला गेला तो आपल्या देशांत नव्हे. अमेरिकेंतील बोस्टन शहरांत.

तेथील परिस्थिति अशी होती. युरोपांतून माणसांचे लोंढेच्या लोंढे अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरत होते. १९०७ ह्या एका सालीं बारा लाखांहून अधिक माणसें आलीं. बोस्टनच्या उत्तर भागांत इटालियन, ज्यू अशा गोरगरिबांची दाट वस्ती झाली होती. बाप खेड्यांतील शेतकरी, मुलगा शहरांतील गिरणीच्या दाराशीं उभा. बापाचा धंदा मुलाच्या उपयोगाचा नाहीं आणि नवीन शेंकडों धंद्यांचीं नांवेंहि त्याला ठाऊक नाहींत. मुलें चौदा-पंधराव्या वर्षीं शाळा सोडीत, जें पहिलें दार उघडें दिसेल त्यांत शिरत, आणि दोन-चार महिन्यांनीं तेथून बाहेर पडून दुसऱ्या दाराशीं उभीं राहत.

ह्या वस्तींत ‘सिव्हिक सर्व्हिस हाउस’ नांवाची एक सेवासंस्था होती. तेथें फ्रँक पार्सन्स नांवाचे गृहस्थ कष्टकरी तरुणांसाठीं वर्ग चालवीत. ह्या पार्सन्स ह्यांचें स्वतःचें आयुष्यच मोठें बोधप्रद आहे. जन्म १८५४ सालचा. कॉर्नेल विश्वविद्यालयांतून स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन ते रेल्वेच्या कामावर लागले. तोंच १८७३ सालच्या आर्थिक संकटांत ती कंपनी बुडाली. मग लोखंडाच्या कारखान्यांत मजुरी केली, शाळेंत शिकविलें, वकिलीचा अभ्यास करून सनद मिळविली, कायद्याचें अध्यापन केलें, ग्रंथ लिहिले. इतक्या वाटा तुडविलेल्या माणसाला वाट चुकणें म्हणजे काय हें कोणीं सांगावयास नको होतें.

१३ जानेवारी १९०८ रोजीं त्यांनीं बोस्टन येथें ‘व्होकेशन ब्यूरो’ उघडला. पॉलिन अगासिझ शॉ ह्या दानशूर बाईंनीं पैसा पुरविला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत पार्सन्स ह्यांनीं आपल्या कामाचा अहवाल सादर केला. तेवढ्या अवधींत त्यांच्याकडे ८० स्त्री-पुरुष सल्ल्यासाठीं येऊन गेले होते. सर्वांत लहानाचें वय १५ आणि सर्वांत मोठ्याचें ७२. बहात्तराव्या वर्षीं ‘मी कोणतें काम करावें’ असें विचारावयास आलेला तो वृद्ध डोळ्यांपुढें आणा, म्हणजे ह्या प्रश्नाची खोली कळेल. पुढें अवघ्या चार-पांच महिन्यांनीं, २६ सप्टेंबर १९०८ रोजीं, पार्सन्स निवर्तले. त्यांचा ‘चूझिंग अ व्होकेशन’ हा ग्रंथ त्यांच्या पश्चात् १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या शास्त्राचे ते जनक मानले जातात, त्याला त्यांच्या आयुष्याचें एक वर्षहि पुरतें मिळालें नाहीं.

त्यांनीं सांगितलेलें तत्त्व अगदीं साधें आहे. शहाणपणाच्या निवडीला तीन गोष्टी लागतात. पहिली, स्वतःची नीट ओळख: आपली आवड, आपले गुण, आपल्या मर्यादा, आपली सांपत्तिक स्थिति. दुसरी, निरनिराळ्या धंद्यांची ओळख: त्यांत काय करावें लागतें, काय मिळतें, पुढें वाव किती, अडचणी कोणत्या. तिसरी, ह्या दोहोंचा मेळ घालून केलेला खरा विचार. आणि हा विचार करावयाचा तो मुलानें; सल्लागारानें फक्त त्याला साथ द्यावयाची. निर्णय दुसऱ्याकडून घेणें हें पार्सन्स ह्यांना मान्यच नव्हतें.

त्यांची रीत कशी होती, हें त्यांच्या ग्रंथांतील एका हकीकतीवरून कळतें. एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. त्याला डॉक्टर व्हावयाचें होतें. प्रकृति किरकोळ, चेहरा निर्विकार, बोलणें जेमतेम. तासाभराच्या भेटींत तो एकदांहि हंसला नाहीं. दुसऱ्या कोणीं त्याला ‘हा नाद सोड’ असें सांगून वाटेला लाविलें असतें. पार्सन्स ह्यांनीं तसें केलें नाहीं. डॉक्टराला रोग्याशीं कसें वागावें लागतें, सारख्याच विद्येच्या दोन डॉक्टरांपैकीं लोक कोणाकडे जातील, असे प्रश्न त्यांनीं एकामागून एक विचारले, आणि उत्तरें मुलाच्याच तोंडून वदवून घेतलीं. नंतर, माणसांशीं संबंध कमी व मोकळ्या हवेचा लाभ अधिक अशीं कामें त्यांनीं सुचविलीं, आणि पशुपालनाच्या व दूधदुभत्याच्या ठिकाणीं स्वतः जाऊन तेथील माणसांशीं बोलून ये, असें सांगितलें. वैद्यकाचें दार त्यांनीं बंद केलें नाहीं. त्याच्या शेजारीं आणखी दोन-तीन दारें आहेत, एवढें दाखविलें.

पार्सन्स ह्यांचें सर्वच ग्राह्य होतें असें मात्र नव्हे. डोक्याच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखूं येतो, ह्या तत्कालीन समजुतीचा त्यांच्यावर पगडा होता, आणि भेटीस आलेल्या माणसाच्या मस्तकाचा आकारहि ते पाहून ठेवीत. पुढें ही समजूत सर्वस्वीं निराधार ठरली. तिच्या जागीं अधिक भरंवशाचीं साधनें यावयास हवीं होतीं, आणि तीं लौकरच आलीं. बोस्टनच्या शाळांनीं शंभराहून अधिक शिक्षकांना ह्या कामासाठीं नेमलें, १९१० सालीं तेथें ह्या विषयाची पहिली परिषद भरली, आणि १९१३ सालीं व्यवसाय-मार्गदर्शकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परंतु ह्याच सुमारास ह्या शास्त्राची वाट एका बाजूला वळली.

१९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली. लाखों रंगरुटांतून कोणाला कोठें नेमावें हा प्रश्न पडला, तेव्हां मानसशास्त्रज्ञांनीं लेखी बुद्धिमापनाच्या परीक्षा तयार केल्या. सुमारें १७ लक्ष सैनिकांची अशी परीक्षा झाली. थोड्या वेळांत पुष्कळांची वर्गवारी करण्याचें हें साधन सर्वांना फार सोयीचें वाटलें. पण सोयीबरोबर अनर्थहि आला. ह्या परीक्षांच्या आंकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम ह्या मानसशास्त्रज्ञानें १९२३ सालीं असा सिद्धान्त मांडला, कीं दक्षिण व पूर्व युरोपांतून आलेले लोक जन्मतःच कमी बुद्धीचे आहेत. ज्या इटालियन व ज्यू मुलांसाठीं पार्सन्स झटले, त्यांच्याच कपाळीं हा शिक्का बसला. सात वर्षांनीं, १९३० सालीं, आपला निष्कर्ष निराधार होता असें ब्रिगहॅम ह्यानेंच लिहून प्रसिद्ध केलें. पण मधल्या काळांत त्या शिक्क्यानें आपलें काम केलें होतें. इंग्लंडांत १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षींच्या परीक्षेवरून मूल कोणत्या प्रकारच्या शाळेंत जाणार हें ठरूं लागलें. बहुतेक ठिकाणीं ती पद्धति सोडून द्यावयास पुढें वीस-तीस वर्षें लागलीं. जन्मानें मारलेली मोहर पुसावयास निघालेलें शास्त्र आपलीच एक नवी मोहर घडवीत होतें.

सुदैवानें ह्या शास्त्रांतच दुसरा प्रवाहहि होता. १९२७ सालीं स्टॅनफर्ड विश्वविद्यालयाचे एडवर्ड स्ट्राँग ह्यांनीं आवडीनिवडींची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तुझी बुद्धि किती, हा तिचा प्रश्न नव्हता. तुला काय आवडतें, आणि तुझ्यासारखी आवड असलेलीं माणसें कोणत्या धंद्यांत टिकून राहिलीं आहेत, हें ती पाहत असे. १९५९ सालीं जॉन हॉलंड ह्यांनीं माणसाच्या आवडींचे व कामांचे सहा प्रकार कल्पून दोहोंची सांगड घालण्याची रीत मांडली; आजच्या पुष्कळ कलचाचण्या तिच्यावर आधारलेल्या आहेत. तरी हे दोन प्रवाह आजहि शेजारीं शेजारीं वाहत आहेत. एक मुलाला निवडतो. दुसरा मुलाला निवडावयास शिकवितो.

आपल्या देशांत ह्या कार्याची सुरवात कलकत्त्यास झाली. तेथील विश्वविद्यालयाच्या उपयोजित मानसशास्त्राच्या विभागानें १९३८ सालीं व्यवसाय-मार्गदर्शनाची शाखा उघडली. १९४७ सालीं अलाहाबादेस सरकारी मानसशास्त्रकेंद्र निघालें, आणि त्याच वर्षीं मुंबईंत पारशी पंचायतीनें आपल्या समाजासाठीं मार्गदर्शनाचें काम हातीं घेतलें. १९५० सालीं मुंबई सरकारनें स्वतःचें व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र स्थापन केलें. १९५२–५३ च्या मुदलियार कमिशननें बहूद्देशी शाळांची योजना मांडली व प्रशिक्षित मार्गदर्शकांची आवश्यकता प्रतिपादिली; १९६४–६६ च्या कोठारी कमिशननें मार्गदर्शन हें शिक्षणाचेंच अंग मानावें असें सांगितलें. शिफारशींची उणीव आपल्याकडे कधींच नव्हती. उणीव होती ती माणसांची. शेंकडों मुलांच्या शाळेंत मार्गदर्शक म्हणून जो असे तो बहुधा वर्गावर शिकविणारा शिक्षकच. त्याचे तास, त्याच्या वह्या आणि त्याचा अभ्यासक्रम आटोपल्यावर उरलेल्या वेळांत त्यानें मुलांचीं आयुष्यें पाहावयाचीं.

महाराष्ट्रांत २०१६ सालीं दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं कलचाचणी सुरू झाली. खेड्यापाड्यांतील ज्या मुलांना असा प्रश्न कोणीं विचारलाच नव्हता, त्यांनाहि ‘तुला काय आवडतें’ असें निदान एकदां विचारलें गेलें, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु मला एक शंका आहे, ती आपणांपुढें मांडतों. ज्या मुलानें कधीं कारखाना पाहिला नाहीं, न्यायालयाची पायरी चढलेली नाहीं, शेतावर औषध फवारणारा किंवा पुलाचें मोजमाप घेणारा माणूस जवळून पाहिला नाहीं, तो ‘हें मला आवडेल’ किंवा ‘हें आवडणार नाहीं’ असें कशाच्या आधारावर लिहिणार? न चाखलेल्या पदार्थाची आवड सांगण्यासारखें तें आहे. पार्सन्स ह्यांच्या तीन गोष्टींपैकीं पहिलीसाठीं आपण चाचण्या निर्माण केल्या. दुसरी, म्हणजे कामाची ओळख, तशीच राहून गेली. सुताराच्या मुलाला जें फुकट मिळत होतें, तें आपल्या सुशिक्षित घरांतील मुलाला दुर्मिळ झालें आहे. पुष्कळ मुलांना स्वतःचे वडील कचेरींत दिवसभर नेमकें काय करतात, हेंहि सांगतां येत नाहीं.

ह्याचा परिणाम काय होतो? जीं दोन-तीन नांवें कानावर वारंवार पडतात, तिकडेच सारीं धांवतात. २०२४ सालीं वैद्यकाच्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेला २३ लाखांहून अधिक मुलें बसलीं; एम. बी. बी. एस. च्या जागा साऱ्या देशांत मिळून सुमारें एक लाखाच्या थोड्या वर. बाकीच्यांचें काय, हा हंटर कमिशनच्या काळचाच प्रश्न पुन्हां उभा आहे. त्यांतील कित्येक मुलें एक वर्ष, दोन वर्षें, तीन वर्षें पुन्हां पुन्हां त्याच दाराशीं उभीं राहतात, आणि दार उघडलें नाहीं कीं आपणच नालायक ठरलों असें मानूं लागतात. कांहींचा तर जगण्यावरचा विश्वासच उडतो. शिक्षक म्हणून वर्गांत घालविलेल्या दिवसांत माझ्या अनुभवास आलें तें असें, कीं हीं मुलें मंद नसतात. त्यांच्यापुढें दुसरें दार कोणीं दाखविलेलेंच नसतें.

मग घरांत काय करतां येईल? मी कांहीं मोठी योजना सांगत नाहीं. इतिहासानें जें दाखविलें तेवढेंच सांगतों. मुलाच्या आठव्या-नवव्या इयत्तेपासून, घाई नसतांना, त्याला निरनिराळीं कामें चालतांना दाखवावीं. आपल्या ओळखींत छापखानेवाला असेल, परिचारिका असेल, वकील, गवंडी, प्रयोगशाळेंतील साहाय्यक, बँकेंतील कारकून, यंत्रदुरुस्ती करणारा असेल, त्याच्याकडे एक-दोन दिवस मुलाला पाठवावें. आणि मुलीलाहि तितक्याच अगत्यानें पाठवावें. तेथें काय चांगलें वाटलें, काय कंटाळवाणें वाटलें, हें घरीं आल्यावर शांतपणें ऐकून घ्यावें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दप्तराविना दहा दिवस ठेवून त्यांना सुतार, माळी, कुंभार, कलावंत ह्यांच्या सहवासांत शिकूं द्यावें असें सुचविलें आहे. ही सूचना कागदावर न राहतां अमलांत येईल तर फार बरें. पण घरच्या माणसांनीं शाळेची वाट पाहात बसण्याचें कारण नाहीं.

चाचणीचा निकाल हातीं आला तर तो अवश्य वाचावा. मात्र तो संभाषणाचा आरंभ समजावा, निवाडा समजूं नये. रंग ओळखूं न येणाऱ्या मुलाच्या हातांत रेषा शिल्लक असते, हें चाचणी सांगत नाहीं. तें पाहावयाला जवळचें माणूस लागतें. आणि मुलानें एक वाट धरून नंतर बदलली, तर तेवढ्यावरून त्याला धरसोड्या ठरवूं नये. फाळके ह्यांच्या आयुष्याचीं पंचवीस वर्षें शेजाऱ्यांच्या हिशेबीं वायांच गेलेलीं होतीं. अर्थात् वळण घेण्याची मुभा सर्वांनाच सारखी परवडत नाहीं. ज्या घरांत महिन्याचा पगार आल्यावांचून चूल पेटत नाहीं, तेथें पहिली मिळेल ती नोकरी धरणें हेंहि शहाणपणच असतें, आणि पार्सन्स ह्यांनीं सांपत्तिक स्थितीचा विचार स्वतःच्या ओळखींतच घातला तो ह्याचसाठीं.

श्रोतेहो, सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं रामूअण्णांनीं धाकट्या भावाला मुंबईस राहण्यासाठीं पैसे पाठविले. त्या वेळीं भावाचें पुढें काय होणार हें त्यांना ठाऊक असणें शक्य नव्हतें. दोन वर्षांनीं चित्रकला सुटली, तेव्हां ते पैसे बुडाले असें म्हणणारेहि निघाले असते. त्यांनीं भावाला करून पाहूं दिलें. आपल्या घरांतील मुलाला ‘पुढें कोण व्हायचें’ असें विचारण्यापूर्वीं, ‘तूं आजवर काय काय पाहिलें आहेस?’ असें एकदां विचारून पाहावें, एवढीच माझी आपणांस विनंति आहे.